खाडीमुखापासून दहा वाव पाण्यापर्यंत: किनारी गावाचा संसाधन आराखडा कसा करावा

मालवण सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा ३.१८ चौरस किलोमीटर. कागदावर हिशेब चोख होता, पण ज्यांची रापण (काठावरून ओढायचं मोठं जाळं) आणि न्हैय (पाण्यात लावून ठेवायचं जाळं) त्या पाण्यात पडते त्यांना नीट विचारायचं राहून गेलं. स्थानिकांचा विरोध पुढे कित्येक वर्षं धुमसत राहिला. उलट उदाहरण केरळातल्या अष्टमुडी खाडीचं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या शिंपल्यांचं उत्पादन झपाट्याने घसरलं, तेव्हा मच्छीमार, संशोधक आणि प्रशासन यांनी मिळून मोजके नियम ठरवले: डिसेंबर ते फेब्रुवारी काढणी बंद, जाळीचा डोळा किमान ३० मिलिमीटर, आणि निर्यातीच्या मांसात किलोमागे १,४०० पेक्षा जास्त नग नकोत. २०१४ मध्ये या मासेमारीला एमएससी हे शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतातलं ते पहिलंच. नियम तीनच, तेही काठावर उभं राहून कुणालाही तपासता येतील असे.

किनाऱ्याच्या आराखड्यात शेवटी एकच गोष्ट ठरवायची असते: कुणी, कुठे, कधी आणि किती दिवस थांबायचं. बाकी सगळं त्या एका तक्त्याची तयारी. खाली दिलेली पद्धत रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या गावांना धरून आहे. पालघर-रायगडच्या डोळीच्या, म्हणजे प्रवाहात बांधायच्या पिशवीजाळ्याच्या, गावांत जाळी वेगळी आणि मासे वेगळे, पण पायऱ्या ह्याच.

वेळापत्रक आधीच पक्कं करा. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात हद्द आणि नकाशा, डिसेंबर ते फेब्रुवारी मोजणी, मार्च-एप्रिलमध्ये वाटाघाटी, १ मेच्या ग्रामसभेत ठराव, आणि १ जून ते ३१ जुलैची ६१ दिवसांची मासेमारी बंदी संपून नवा हंगाम सुरू झाला की नियम लागू. पावसाळ्यात सुरुवात केली तर खाडीचं पाणी गोडं झालेलं असतं, दर्या खवळलेला असतो, आणि हाती काहीच लागत नाही.

पायरी १: हद्द आणि धनी

आराखड्याची हद्द महसुली गावाची धरू नका, पाण्याची धरा. खाडीचे दोन काठ दोन ग्रामपंचायतींत असतील तर दोन्ही घ्यायच्या. एका काठाने मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढायचे थांबवले आणि समोरच्याने टोपल्या भरल्या तर पहिल्याच महिन्यात भांडण. आतल्या बाजूला हद्द कुठवर? मे महिन्यात, भरतीच्या वेळी, पाण्याची क्षारता जिथे हजारी ५ भागांपर्यंत उतरते तिथवर. २०१९ची किनारा नियमन अधिसूचना, म्हणजे सीआरझेड, भरतीचा प्रभाव ठरवताना कोरड्या हंगामातली हीच मात्रा धरते. म्हणजे तुमची हद्द आणि कायद्याची हद्द एकाच मापाने बसते, पुढे वाद घालावा लागत नाही. समुद्राकडे दहा वाव, म्हणजे अंदाजे १८ मीटर खोलीपर्यंत पुरे. रापण, काठालगतची न्हैय आणि गरवणाऱ्या (गळाने मासे धरणाऱ्या) छोट्या होड्या बहुतेक याच पट्ट्यात असतात. त्यापलीकडचं पाणी गावाच्या हातात नाही; ते आराखड्यात घातलं की सगळा दस्तऐवज इच्छांची यादी होऊन बसतो.

आता धनी. एकाच खाडीवर किती कचेऱ्यांचा हक्क चालतो हे पाहिलं की गावाची पत्रं वर्षानुवर्षं का फिरत राहतात ते कळतं. मासेमारीचं नियमन १९८१च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियमाखाली मत्स्यव्यवसाय विभागाकडे, १२ सागरी मैलांपर्यंत. तिवरं वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे. हा कक्ष २०१२ पासून आहे. रेती महसूल खात्याकडे. जेट्टी आणि प्रवासी होड्या मेरिटाइम बोर्डाकडे. खारबंधारे आणि त्यांच्या उघाड्या (पाणी सोडायची दारं) खारभूमी विकासाकडे. सांडपाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि किनाऱ्यावरच्या बांधकामाची परवानगी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाच्या वाटेने. एका पानावर हा तक्ता करा: विषय, कार्यालय, पद, पत्ता. माणसाचं नाव लिहू नका, बदली झाली की तक्ता जुना होतो. हे पान पुढे सगळ्यात जास्त वापरलं जातं.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हास्तरीय किनारा समितीही असते, आणि तीत स्थानिक किनारी समाजाचे, मच्छीमार धरून, किमान तीन प्रतिनिधी हवेत अशी तरतूद आहे. तुमच्या जिल्ह्यात ते कोण आहेत हे आधी शोधा. अनेकदा मच्छीमार सोसायटीलाही ते माहीत नसतं.

पायरी २: नकाशा ओहोटीला काढायचा

गावनकाशा साधारण १:४,००० या मापाचा मिळतो. तो मोठ्या कागदावर छापून घ्या, वर पारदर्शक शीट लावा आणि वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी गावकऱ्यांकडूनच भरून घ्या: कालवांचे खडक, मुळ्यांच्या आणि तिसऱ्यांच्या (हेही शिंपलेच) जागा, रापणीच्या हद्दी, पाग (हाताने फेकायचं जाळं) टाकायचे कोंड (खोल डोह), तिवरांचे पट्टे, उघाड्या, होड्या लावायच्या जागा, गटारांची तोंडं, कासवं अंडी घालतात तो पुळणीचा भाग. खडकांची आणि कोंडांची स्थानिक नावं तशीच लिहा. सरकारी नकाशात ती सापडणार नाहीत, आणि नियम सांगताना "अमुक खडकापासून तमुक माडापर्यंत" हीच भाषा चालते. अक्षांश-रेखांश सोबतच्या परिशिष्टात.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि ओहोटीची वेळ टाळून घ्या. कालवं फोडणं, मुळे वेचणं ही कामं जवळपास सगळी त्यांच्या हातात असतात, ओहोटीच्या दोन-तीन तासांत त्या पाण्यात असतात. ग्रामपंचायतीने सकाळी अकराला सभा बोलावली आणि त्या दिवशी ओहोटी अकराची असली, तर ज्यांना खाडीचा तळ हाताच्या बोटांनी माहीत आहे त्याच गैरहजर. मग नकाशात मासे भरपूर दिसतात आणि शिंपल्यांची जागा कोरी राहते.

कागदावरचा नकाशा झाला की प्रत्यक्ष फिरून तपासायचा, आणि त्यासाठी उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची, ओहोटी हवी. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवशी अर्ध्या जागा पाण्याखालीच राहतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा जुना हिशेब इथे कामाचा: द्वितीयेला २ चे पाऊण म्हणजे दीड वाजता भरती, त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवली की पावणेआठच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया-तृतीया म्हणूनच सोयीची: उधाण भरात आणि सकाळचा उजेड. हा हिशेब मुंबईला जवळपास बसतो. दक्षिणेकडे जाल तशी भरती आधी येते आणि खाडीच्या आत उशिरा पोचते, त्यामुळे एक दिवस घड्याळ लावून आपल्या जागेचा फरक काढा आणि तो कायमचा लिहून ठेवा. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, तेव्हा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटी तक्त्यात त्या दिवसाची पाण्याची उंचीही पाहा. मुंबईकडे उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, सिंधुदुर्गात त्याच्या निम्म्याच्या जवळपास. उघडी पडणारी जागा त्या मानाने कमी, म्हणून दक्षिणेत दिवस चुकवून चालत नाही.

फिरताना मोबाइलवर जीपीएस चालू ठेवून जागेच्या कडेने चाला. क्षेत्रफळ आपोआप निघतं. चिखलात दोघांपेक्षा कमी जणांनी उतरू नये.

पायरी ३: मोजणी

बहुतेक आराखडे इथे ढिले पडतात. "पूर्वी मासळी खूप मिळायची" हे खरंच असतं, पण त्यावर नियम उभा राहत नाही. तीन गोष्टी मोजल्या तरी पुरे: शिंपले, जाळ्यात येणारी मासळी, आणि पाणी.

शिंपल्यांसाठी ५० सेंटिमीटर बाजूची चौकट करा, पीव्हीसी पाइपची किंवा सळीची. ती जागेवर टाकायची, आतली माती दहा सेंटिमीटर खोलीपर्यंत काढायची, ५ मिलिमीटर जाळीच्या चाळणीतून खाडीच्याच पाण्यात चाळायची, उरलेले सगळे शिंपले मोजायचे आणि व्हर्नियरने त्यांची लांबी घ्यायची. एका जागेला किमान ३० चौकटी. चौकट कुठे टाकायची हे मनावर सोडू नका. एका टोकापासून सरळ दोरी लावून दर दहा मीटरवर टाका, चिखल दिसला तरी, शिंपला दिसला नाही तरी. हमखास होणारी चूक म्हणजे जाणकार माणूस भरल्या जागी चौकट ठेवतो आणि साठा दुप्पट-तिप्पट दिसतो.

हिशेब असा. समजा ३० चौकटींत मिळून ९०० शिंपले निघाले. तीस चौकटी म्हणजे साडेसात चौरस मीटर, तेव्हा चौरस मीटरला १२०. जागा दीड हेक्टर, म्हणजे १५,००० चौरस मीटर. एकूण १८ लाख शिंपले. मोजलेल्यांपैकी ४० टक्के ३० मिलिमीटरच्या वर असतील तर काढण्याजोगे ७ लाख २० हजार. त्या आकाराचे किलोला ८० बसतात असं धरलं तर ९,००० किलो. पहिल्या वर्षी यातला एक तृतीयांश, ३,००० किलो, काढायचा ठरवला आणि २५ बायका रोज ५ किलो काढत असल्या, तर २४ दिवसांत वाटा संपला. हा शेवटचा आकडा सभेत सांगितला की चर्चेची दिशाच बदलते. हंगाम चार महिन्यांचा आणि पुरेल एवढा माल २४ दिवसांचा, हे समोर दिसल्यावर रोजची पाटी लहान करायची, दिवस कमी करायचे की एखादी जागा आलटून पालटून बंद ठेवायची, यावर लोक स्वतःच बोलायला लागतात. शिंपले हंगामात वाढतात, खालचे वरच्या गटात येतात, म्हणून फेब्रुवारीत दुसरी मोजणी करून वाटा सुधारून घ्या.

मासळीसाठी मेहनतीच्या मापाने नोंद हवी, नुसतं वजन नको. पागेची नोंद "एक माणूस, एक तास", न्हैयची "शंभर मीटर जाळं, एक रात्र", रापणीची "एक ओढ". पकड दुप्पट झाली आणि जाळी तिप्पट झाली असेल तर साठा घटतोय, हे वजनाच्या एकट्या रकान्यातून कधीच कळत नाही. गावातले सात-आठ जण निवडा, वेगवेगळ्या जाळ्यांचे, आणि महिन्यातले चार ठरलेले दिवस: दोन्ही अष्टम्या, अमावास्या, पौर्णिमा. त्यामुळे भांग आणि उधाण दोन्ही सापडतात. विक्री वाट्यावर आणि पाटीवर चालते, तेव्हा तुमच्या बंदरातली पाटी प्रत्येक जातीची किती किलो भरते ते ताजव्यावर घालून एकदा ठरवून टाका. तारलीची पाटी आणि बांगड्याची पाटी सारखी नसते. वजनाबरोबर मुख्य पाच-सहा जातींचे प्रत्येकी वीस मासे फूटपट्टीवर मोजा. खाडीत शेवटा, काळुंदर, तांबोशी, मुडदुशी आणि कुर्ली. बाहेर बांगडा, तारली, सुरमई, सरंगा. लांबी वर्षागणिक घटत चालली असेल तर वजन टिकून असलं तरी धोक्याची सूचना समजा.

पाण्याचं मोजमाप सोपं. हातातला रिफ्रॅक्टोमीटर दोन-तीन हजारांच्या आसपास मिळतो, दोन थेंबांत क्षारता दाखवतो. वापरण्याआधी शुद्ध पाण्याने शून्यावर आणायचा. हे विसरलं तर सगळ्या नोंदी एकाच बाजूला सरकतात. खाडीत पाच ठिकाणं ठरवा, महिन्यातून एकदा भरतीला आणि ओहोटीला मोजा. खाडीकाठच्या विहिरींचं टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मे महिन्यात नक्की घ्या. पिण्याच्या पाण्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर २,०००. वर रेतीउपसा वाढून खाडीचा तळ खचला आणि खारं पाणी आत सरकलं, तर त्याचा पहिला पुरावा बहुतेक या विहिरीच देतात.

पायरी ४: घट कशाने, ते वेगळं करा

गावातल्या सभेत सगळा दोष बाहेरच्या पर्ससीनला (मासळीचा थवा वेढून उचलणाऱ्या जाळ्याला) आणि एलईडीला जातो. त्यात तथ्य आहे. एलईडीच्या उजेडावर मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली, आणि पर्ससीनचा हंगाम राज्याच्या २०१६च्या आदेशाने सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच ठेवला. दोन्हींचं उल्लंघन होत राहतं. पण खाडीतले मुळे पर्ससीनने संपत नाहीत. त्यासाठी खाडीच्या तोंडाशी आडवी खुंटवलेली बारीक आसाची (डोळ्याची) जाळी, सक्शन पंपाने चाललेला रेतीउपसा, मोडक्या उघाडीमुळे तुंबलेलं पाणी आणि हॉटेलांची गटारं पाहावी लागतात.

कागदाचे दोन रकाने करा: गावाने थांबवता येण्यासारखं, आणि कुणाकडून तरी थांबवून घ्यावं लागेल असं. आराखड्याचे नियम फक्त पहिल्या रकान्यातून येतील. दुसऱ्यातून तक्रारी आणि पाठपुरावा. हे दोन एकत्र केले की "आधी त्यांना आवरा, मग आम्ही" या एका वाक्यावर सगळं अडतं.

पायरी ५: नियम

नियम चार तऱ्हांचे: जागेचा, काळाचा, आकाराचा, साधनाचा. पहिल्या वर्षी दोन किंवा तीनच ठेवा. निवडताना कसोटी एक: मोडला तर काठावरून दिसतो का? "शाश्वत प्रमाणात काढावे" हा नियम नाही. "अमुक खडकापासून जेट्टीपर्यंत ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये मुळे काढायचे नाहीत" हा आहे.

जागा बंद ठेवायची तर लहान आणि तात्पुरत्यापासून सुरुवात करा. मादागास्करच्या नैऋत्य किनाऱ्यावर आंदावादोआकामध्ये २००४ साली कोळ्यांनी माखल्यांच्या नात्यातल्या ऑक्टोपससाठी खडकांचा थोडा भाग काही महिने बंद ठेवला. उघडल्यावर मोठे नग मिळाले आणि शेजारची गावं आपणहून तसं करू लागली. फायदा लवकर दिसेल अशी जात आधी घ्यावी. शिंपले आणि कुर्ल्या एक-दोन हंगामांत उत्तर देतात. तांबोशीसाठी वाट लांब. आणि गावातल्या सगळ्यात गरीब बाईची रोजची जागा बंद करू नका. सभेत ती काही बोलणार नाही, पण नियम तिथेच मोडेल.

कुर्ल्यांबाबत एक बारकावा. खाडीतली मोठी चिखलकुर्ली अंडी सोडायला समुद्रात जाते. म्हणजे अंडी धरलेली मादी खाडीत फारशी दिसतच नाही, आणि "पोटाखाली अंडी असलेली सोडून द्या" हा नियम तिच्यापुरता जवळपास निकामी ठरतो. तिच्यासाठी किमान आकार आणि खाडीमुख मोकळं ठेवणं, हे दोन उपाय खरे. मुखाची निदान अर्धी रुंदी जाळ्याविना राहील असं ठरवा आणि दोन खुंट ठोकून ती हद्द दाखवा.

आकारासाठी राज्याचा आधार आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींचे किमान आकार जाहीर केले: सरंगा, म्हणजे पापलेट, १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, सुरमई ३७०. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला. आदेशात त्या जातीची कोणती लांबी धरली आहे ते पाहा, शेपटीच्या टोकापर्यंत की बेचक्यापर्यंत. सुरमईत हा फरक मोठा पडतो. लाकडी पट्टीवर जातीचं चित्र आणि रेघ कोरून लिलावाच्या जागी टांगली तर वाद पट्टीवरच मिटतो.

जाळ्याचा आस मोजताना जाळं ओलं करून, ताणून, समोरासमोरच्या दोन गाठींमधलं अंतर घ्या. दहा आस एकत्र मोजून दहाने भागा. कोरड्या, न ताणलेल्या जाळ्यावर माप घेतलं की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा आकडा काढतात.

तिवरांबद्दल: तोड नाही हा तर कायदाच आहे, आणि हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा पट्टा राखीव असतो. जास्त नुकसान होतं ते चांगल्या हेतूने. मोकळा चिखल दिसला की कांदळाची रोपं लावायची मोहीम निघते. तो चिखल रिकामा नसतो. तिथे मुळे असतात, ओहोटीला पाणपक्षी चरतात. जिथे कधीच तिवरं नव्हती तिथे लावलेली रोपं बहुधा लाटांनी किंवा खोडाला चिकटणाऱ्या कवचधारी जीवांच्या थरांनी मरतात, जगली तर मुळ्यांची जागा जाते. तिवरं मेली असतील तर आधी पाणी का अडलं ते शोधा. बांध फुटून तुंबलंय की रस्त्याच्या भरावाखाली मोरीच नाही? भरतीचं पाणी ये-जा करू लागलं आणि जवळ जुनी झाडं असली की चिपी आणि तिवर बियांनी स्वतः उगवतात.

पायरी ६: थांबणाऱ्याच्या चुलीचं काय

बंद जागेमुळे कुणाचे किती दिवस बुडणार ते पायरी ३च्या नोंदीतून काढा आणि तेवढ्यापुरता पर्याय शोधा. शिणाण्यांची (खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांची) शेती हा कोकणात जमलेला पर्याय आहे, पण तिचं गणित नीट समजून घ्या. पाऊस ओसरून खडकांवर बी दिसू लागलं की ते काढायचं. दोरीच्या दर मीटरला ५०० ते ७५० ग्रॅम बी लावून वरून सुती मच्छरदाणीचं कापड शिवायचं; काही दिवसांत कापड कुजतं, तोवर शिणाण्यांनी दोरी धरलेली असते. बांबूच्या मांडवाला दोऱ्या अशा टांगा की खालचं टोक ओहोटीलाही तळाला टेकणार नाही, नाहीतर खेकडे चढतात. पाच-सहा महिन्यांत मीटरला दहा-बारा किलोपर्यंत माल येतो. मेच्या अखेरीस काढणी झालीच पाहिजे. पहिल्या मोठ्या पावसात क्षारता कोसळते आणि उभं पीक मरतं. बी खरवडताना अख्खा खडक साफ केला तर पुढच्या वर्षी बीच नाही, तेव्हा खडकाचा काही भाग आराखड्यातच राखीव लिहा. शिणाणे आणि कालवं पाणी गाळून खातात. गटाराच्या तोंडाजवळ मांडव नको, आणि विकण्याआधी माल चोवीस तास स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा.

पर्यटनाच्या होड्या असतील तर दोनच नियम: पोवळ्यांवर नांगर टाकायचा नाही, त्यासाठी कायमचे बोये बसवून घ्यायचे, आणि डॉल्फिनमागे होडी पळवायची नाही, जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला.

पायरी ७: कागद

ग्रामसभेचा ठराव हवा, आणि गणसंख्येसह हवा: मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, जे कमी असेल ते. गणसंख्येअभावी तहकूब झालेल्या सभेतला ठराव कायद्याने चालतो, पण मच्छीमार वाडीतले लोक नसताना झालेला ठराव पाण्यात चालत नाही. दोन्ही काठांच्या पंचायतींनी शब्दशः एकच मजकूर मंजूर करावा. तोच मजकूर मच्छीमार सोसायटीने आपल्या सभेत घ्यावा. जैवविविधता कायदा २००२ खाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी; तुमचा नकाशा आणि मोजणी लोक जैवविविधता नोंदवहीत चढवा, म्हणजे पुढे एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली तर तो अधिकृत कागद हाताशी राहतो.

ठरावाची मर्यादाही ठाऊक हवी. ग्रामपंचायत समुद्रात बाहेरच्या नौकेला दंड करू शकत नाही, कुणाचं जाळं जप्त करू शकत नाही. तसा प्रयत्न झाला की गुन्हा गावकऱ्यांवर दाखल होतो.

पायरी ८: पहारा आणि पुरावा

नियम मोडणारा गावातला असेल तर समजावणी, मग संस्थेच्या सभेत जाब. बाहेरची नौका असेल तर पाठलाग नको, पुरावा हवा: नौकेचा नोंदणी क्रमांक दिसेल असा फोटो, जीपीएसची जागा, वेळ, जाळ्याचा प्रकार, खोली किती वाव. हे पाचही लिहिलेला अर्ज मत्स्यव्यवसायाच्या परवाना अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या, प्रत सहायक आयुक्तांना. "काल रात्री लाइटवाले आले होते" एवढ्या तक्रारीवर कुणीही काही करू शकत नाही. रेतीचा सक्शन पंप दिसला तर तहसीलदार आणि किनारा समिती दोन्हीकडे. सीआरझेडमध्ये पारंपरिक समाजाला रेतीचे दांडे हाताने काढायची मुभा आहे, यंत्राने नाही.

जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मोरी (व्हेल शार्क) अडकली तर जाळं कापून सोडा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. अशा जाळ्याच्या नुकसानीपोटी राज्य शासनाची २५,००० रुपयांपर्यंतची भरपाई योजना २०१८ पासून आहे. अर्ज अडतात ते बहुतेक चित्रीकरण नसल्यामुळे, म्हणून होडीत एक माणूस आधीच नेमून ठेवा.

पायरी ९: दुसऱ्या वर्षीची मोजणी

त्याच जागा, तीच दोरी, तीच चौकट, तोच महिना. मोजणाऱ्यांपैकी निदान दोघे तेच असू द्या. आकडा वाढला तर लगेच बंदी उठवायची घाई होते. वाढ नव्या बारीक शिंपल्यांची आहे की मोठ्यांची, हे लांबीच्या रकान्यात पाहा. बारीकच वाढले असतील तर आणखी एक हंगाम थांबा. आकडा घटला तर नियम फसला असंही लगेच समजू नका: अतिवृष्टीच्या वर्षी गोड्या पाण्याने शिंपले मरतात, वर धरण असेल तर अवेळी सोडलेल्या पाण्यानेही. म्हणून पावसाची आणि क्षारतेची नोंद सोबत लागते. अष्टमुडीत तर नियम पाळूनही पुढे परदेशी चारू शिणाणा पसरला आणि शिंपल्यांच्या जागा त्याने व्यापल्या. तसा अनोळखी शिंपला चौकटीत आला तर फेकू नका. मीठ न लावता, बर्फावर ठेवून जवळच्या मत्स्य संशोधन केंद्राला ओळख पटवायला द्या, आणि सापडल्याची जागा नकाशावर लावा.

नियम केव्हा आपोआप बदलेल हे ठरावातच लिहून ठेवा: चौरस मीटरमागे मोठे शिंपले अमुकपेक्षा खाली गेले तर ती जागा पुढच्या हंगामात बंद, सलग दोन वर्षं तमुकच्या वर राहिले तर वाटा एक तृतीयांशावरून अर्ध्यावर. आकडे तुमच्या पहिल्या मोजणीतून घ्या.